आधी वापर, मग नियम: घरच्या घरी इंग्रजी व्याकरण

व्याकरण म्हणजे शब्दांची रूपे कशी बदलतात आणि शब्द वाक्यात कोणत्या जागी बसतात याची व्यवस्था. ही व्यवस्था माणसाला दोन प्रकारे अवगत असते. पहिला प्रकार वापरातला. पाच वर्षांचे मराठी मूल ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ असे बिनचूक बोलते, पण कर्मणी प्रयोग कशाला म्हणतात हे त्याला ठाऊक नसते. दुसरा प्रकार नियमांचा. तोच प्रयोग पुढे वरच्या इयत्तेत व्याख्येसह शिकवला जातो, आणि आपण बोलतो त्याला हे नाव आहे हे मुलाला कळते. मातृभाषेत वापर आधी येतो आणि नियम काही वर्षांनी त्याला येऊन मिळतो. इंग्रजीच्या बाबतीत मात्र अनेक घरांत हा क्रम उलटतो. भाषा कानावर पुरेशी पडण्याआधीच ‘नाउन’ आणि ‘व्हर्ब’ यांच्या व्याख्या पाठ करून घेतल्या जातात.

यामागे एक कारण आहे. महाराष्ट्रात जून २००० पासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यापूर्वी मराठी शाळांत ते पाचवीपासून शिकवले जाई. आज प्राथमिक शाळेतल्या मुलांचा अभ्यास घेणाऱ्या अनेक पालकांनी स्वतः इंग्रजीला सुरुवात केली ती दहा-अकरा वर्षांच्या वयात. त्या वयाच्या मुलाला नियम ऐकून तो वाक्याला लावता येतो, अपवाद लक्षात ठेवता येतो, तक्ता पाठ करता येतो. सहा वर्षांच्या मुलाचे शिकणे वेगळे असते. ते ऐकलेल्या वाक्यांतून साचा उचलते; सांगितलेल्या नियमातून वाक्य तयार करणे त्याला जड जाते. म्हणून पालकांना ज्या पद्धतीने इंग्रजी आले, तीच पद्धत चार-पाच वर्षे अलीकडे ओढून चालत नाही. घरी शिकवताना मुलाच्या वयानुसार व्याकरणाचे स्वरूप बदलावे लागते.

मूल नियम कसे शोधते

मुले केवळ नक्कल करत नाहीत, ऐकलेल्यातून नियम काढतात, हे जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने १९५८ मध्ये एका साध्या प्रयोगातून दाखवले. तिने लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव ‘वग’ असल्याचे सांगितले. मग तसे दोन प्राणी दाखवून वाक्य पूर्ण करायला लावले. बहुतेक मुलांनी ‘वग्ज’ असे अनेकवचन केले. हा शब्द त्यांनी पूर्वी कधी ऐकलेला असणे शक्यच नव्हते. म्हणजे अनेकवचनाचा नियम त्यांच्याजवळ होता. मात्र ‘स’सारख्या ध्वनीने संपणाऱ्या शब्दांना, जिथे ‘बस’चे ‘बसेस’ होते तशी रूपे हवी होती, तिथे बरीच मुले अडखळली. एकाच नियमाचे सोपे अंग आधी आणि अवघड अंग नंतर हाती येते, हेही त्यातून दिसले.

मुलाच्या काही चुका याच नियमशोधातून येतात. मराठी मूल ‘केले’ऐवजी कधी ‘करले’ म्हणते. इंग्रजी शिकणारे मूल ‘एट’ऐवजी ‘ईटेड’ आणि ‘रॅन’ऐवजी ‘रनड’ म्हणते. हे रूप त्याने कोणाकडून ऐकलेले नसते. भूतकाळाचा साचा त्याला सापडला आहे, अपवाद अजून सापडायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशी चूक ही प्रगतीची खूण असते आणि ती तशीच पाहिली पाहिजे.

रॉजर ब्राउन या मानसशास्त्रज्ञाने इंग्रजी मातृभाषा असलेल्या तीन मुलांच्या बोलण्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि १९७३ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. चौदा व्याकरणिक घटक या मुलांच्या बोलण्यात बऱ्याच अंशी सारख्याच क्रमाने पक्के झाले होते. क्रियापदाला लागणारा ‘आय-एन-जी’ सर्वांत आधी आला. ‘इन’ आणि ‘ऑन’ ही अव्यये आणि अनेकवचनाचा ‘एस’ लवकर आले. ‘अ’ आणि ‘द’ त्यानंतर, आणि ‘ही गोज’मधला, तृतीय पुरुषी एकवचनाचा ‘एस’ त्याहूनही उशिरा. पुढे हायडी ड्यूले आणि मरीना बर्ट यांनी अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिश व चिनी भाषक मुलांचा अभ्यास केला. त्यांचा क्रम ब्राउनच्या क्रमाशी तंतोतंत जुळला नाही, पण दोन्ही भाषक गटांचा क्रम आपसात पुष्कळच सारखा निघाला. नंतरच्या अभ्यासांनी यात भर घातली: मातृभाषेत ‘अ’ आणि ‘द’सारखे शब्द नसले, तर ते पक्के व्हायला आणखी वेळ लागतो. मराठीत ते नाहीत.

घरच्या शिकवणीसाठी यातून थेट सूचना मिळते. पहिलीतल्या मुलाने ‘शी गो’ म्हटले तर काळजीचे कारण नाही. तो ‘एस’ इंग्रज मुलालाही उशिराच साधतो. ‘शी इज गोइंग’ मात्र लवकर येऊ शकते. जे लवकर येते त्यापासून सुरुवात करावी, आणि जे उशिरा येते ते ऐकवत राहावे, पण त्याचा हट्ट धरू नये.

पहिली दोन वर्षे: कान, कृती आणि तोंड

सहा ते आठ या वयात व्याकरणाचा वेगळा तास नसावा. व्याकरण खेळाच्या आणि रोजच्या कामांच्या वाक्यांत दडलेले असावे. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडलेली पद्धत या वयाला चपखल बसते. शिकवणारा आज्ञा देतो, शिकणारा ती अंगाने पार पाडतो, आणि बोलण्याची सक्ती सुरुवातीला नसते. ‘स्टँड अप’, ‘ओपन द डोअर’, ‘पुट द स्पून इन द बाउल’ अशा आज्ञांतून क्रियापद, कर्म आणि अव्यय यांचा क्रम मुलाच्या कानात बसतो. काही दिवसांनी भूमिका उलटवावी: मुलाने आज्ञा द्यावी आणि मोठ्यांनी ती पाळावी.

स्थळ दाखवणारी अव्यये शिकवायला एक डबा आणि एक लिंबू पुरते. लिंबू डब्यात, डब्यावर, डब्याखाली, डब्यामागे ठेवत ‘इन’, ‘ऑन’, ‘अंडर’, ‘बिहाइंड’ म्हणत जावे. मग मुलाने डोळे मिटावेत, मोठ्यांनी लिंबू लपवावे आणि ‘इज इट अंडर द बॉक्स?’ असे प्रश्न विचारून त्याने ते शोधावे. या एका खेळात अव्यय आणि प्रश्नाची रचना दोन्ही येतात.

‘आय-एन-जी’साठी अभिनयाचा खेळ उत्तम. एकाने दात घासण्याचा, पोळी लाटण्याचा, सायकल चालवण्याचा अभिनय करावा आणि दुसऱ्याने ‘यू आर ब्रशिंग युवर टीथ’ असे वाक्य म्हणावे. इथे ‘आर’ गळणार नाही एवढी काळजी घ्यावी, कारण ‘शी गोइंग’ ही सवय लागली की पुढे ती मोडायला त्रास होतो. अर्थात काळजी घ्यायची ती पूर्ण वाक्य पुन्हापुन्हा ऐकवून.

अनेकवचन बाजारहाटात शिकवता येते. पिशवीतल्या वस्तू काढताना ‘वन पोटॅटो, थ्री पोटॅटोज’ असे मोजत जावे. लिहिताना एकच ‘एस’ दिसत असला तरी उच्चार तीन होतात: ‘कप्स’मध्ये स, ‘बॅग्ज’मध्ये ज, आणि ‘बॉक्सेस’मध्ये एक जादा स्वर. हा भेद या वयात कानानेच टिपू द्यावा. दूध, तांदूळ, साखर मोजताना मात्र ‘राइसेस’ होत नाही, हे मूल त्याच कामातून शिकते. ‘साखरा’ असे मराठीतही कोणी म्हणत नाही.

मराठी कुठे मदत करते

इंग्रजी शिकवताना मराठी बाजूला ठेवावी असा आग्रह काही घरांत दिसतो. व्याकरणाच्या बाबतीत तो नुकसानकारक आहे. मुलाजवळ एक संपूर्ण व्याकरण आधीच आहे आणि इंग्रजीतल्या अनेक गोष्टी त्याच्या आधारे पटकन समजतात.

अनियमित क्रियापदांचेच पाहावे. ‘गो’चे ‘वेन्ट’ कसे झाले, असे मूल विचारते. ‘जाणे’चे ‘गेला’ होते तसे, हे त्याचे उत्तर आहे. ‘येणे’चे ‘आला’, ‘करणे’चे ‘केला’, ‘देणे’चे ‘दिला’, ‘खाणे’चे ‘खाल्ला’. सर्वांत जास्त वापरली जाणारी क्रियापदेच दोन्ही भाषांत नियम मोडतात, कारण रोज तोंडात असलेली जुनी रूपे टिकून राहतात. क्वचित वापरली जाणारी क्रियापदे नियमाच्या साच्यात ओढली जातात. एवढे कळले की अनियमित क्रियापदांची यादी मुलाला अन्यायकारक वाटत नाही.

कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलते हेही मराठी मुलाला नवे नाही. ‘मी जातो, तू जातोस, ती जाते’ हे ते रोज बोलते. मराठीत ‘स’ येतो तो ‘तू’सोबत, इंग्रजीत ‘ही’, ‘शी’, ‘इट’सोबत. बाकी इंग्रजीचा भार हलकाच आहे. मराठीत ‘माझा, माझी, माझे, माझ्या’ अशी रूपे होतात. इंग्रजीत ‘माय’ एकच. ‘गेला, गेली, गेले, गेल्या’ या सर्वांसाठी ‘वेन्ट’ पुरते. खुर्ची ‘ती’, पंखा ‘तो’ आणि टेबल ‘ते’ असा निर्जीव वस्तूंचा लिंगभेद इंग्रजीत नाही, सर्वांना ‘इट’. मुलाला हे मुद्दाम दाखवून द्यावे. इंग्रजी काही ठिकाणी मराठीपेक्षा सोपी आहे ही जाणीव त्याचा धीर वाढवते.

शब्दांच्या जातींची चौकटही दोन्हींकडे सारखी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाचा प्रभाव होता आणि पुढच्या मराठी व्याकरणांत आठ जातींची चौकट रूढ झाली. त्यामुळे नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे शाळेत मराठीतून शिकलेल्या मुलाला ‘नाउन, प्रोनाउन, ॲडजेक्टिव्ह, व्हर्ब’ म्हणजे त्याच गोष्टींची दुसरी नावे वाटतात. संकल्पना आधी मराठीत पक्की करावी, नंतर इंग्रजी नाव जोडावे.

मराठी कुठे अडवते

जिथे दोन भाषांच्या रचना वेगळ्या आहेत, तिथेच मराठी मुलाच्या बहुतेक चुका होतात. शिकवण्याचा जास्त वेळ या जागांवर खर्च करावा.

पहिली जागा शब्दक्रमाची. मराठीत क्रियापद साधारणपणे शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यानंतर येते. ‘मी आंबा खातो’ आणि ‘आय ईट अ मँगो’. मराठीत क्रम हलला तरी अर्थ कळतो, कारण नात्याची खूण शब्दाच्या रूपात असते: ‘मांजरीने उंदराला पकडले’ आणि ‘उंदराला मांजरीने पकडले’ यांत पकडणारी मांजरच. इंग्रजीत मांजर आणि उंदीर यांच्या जागा बदलल्या की उंदीर मांजरीला पकडतो. कागदाच्या पट्ट्यांवर शब्द लिहून ते हलवून दाखवले, आणि प्रत्येक वाक्याचे चित्र मुलाकडून काढून घेतले, की इंग्रजीत जागा म्हणजेच अर्थ हे त्याला कायमचे समजते.

दुसरी जागा अव्ययांची. मराठीत ‘टेबलावर’ असे नामाच्या मागून येते, इंग्रजीत ‘ऑन द टेबल’ असे पुढे. ही जागा मुले लवकर पकडतात. अवघड जाते ते कालवाचक अव्यय. ‘सोमवारी’, ‘सकाळी’, ‘रात्री’ या तिन्हींत मराठीचे रूप एकाच धाटणीचे आहे. इंग्रजीत ‘ऑन मंडे’, ‘इन द मॉर्निंग’, ‘ॲट नाइट’ असे तीन वेगळे शब्द लागतात. घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’, वार आणि तारखेला ‘ऑन’, महिना आणि वर्षाला ‘इन’ एवढी विभागणी नऊ-दहा वर्षांच्या मुलाला सांगता येते. ‘ॲट नाइट’सारखी उरलेली रूपे अख्खी पाठ व्हावीत.

तिसरी आणि सर्वांत दीर्घ चालणारी जागा ‘अ’ आणि ‘द’ यांची. मराठीत यांना थेट जोड नाही, पण त्यांचे काम मराठी इतर मार्गांनी करते. गोष्ट सुरू होते तेव्हा ‘एक राजा होता’, आणि पुढच्या वाक्यात ‘तो राजा’ किंवा नुसता ‘राजा’. पहिल्या ठिकाणी ‘अ किंग’, दुसऱ्या ठिकाणी ‘द किंग’. ऐकणाऱ्याला प्रथमच सांगितले जात आहे की त्याला आधीच माहीत आहे, हा तो फरक. मराठी शब्दक्रमही हेच सांगतो: ‘टेबलावर पुस्तक आहे’ म्हणजे ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’, आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ म्हणजे ‘द बुक इज ऑन द टेबल’. मराठी मूल हा भेद रोज करते. फक्त तो इंग्रजीत वेगळ्या शब्दाने करायचा असतो. त्यामुळे ‘अ’ आणि ‘द’ शिकवण्याचे सर्वोत्तम साधन म्हणजे छोटी गोष्ट. सुट्या वाक्यांतल्या रिकाम्या जागा भरून हा भेद समजत नाही, कारण ऐकणाऱ्याला काय माहीत आहे हे सुट्या वाक्यावरून कळतच नाही.

‘अ’ की ‘ॲन’ हा प्रश्न मात्र देवनागरीमुळे सोपा होतो. नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे. शब्द देवनागरीत लिहून पाहावा: ‘अम्ब्रेला’ स्वराने सुरू होतो म्हणून ‘ॲन अम्ब्रेला’, ‘युनिफॉर्म’ य या व्यंजनाने सुरू होतो म्हणून ‘अ युनिफॉर्म’, दोन्हींचे इंग्रजी स्पेलिंग ‘यू’ने सुरू होत असले तरी. ‘ॲन अवर’ही असेच उलगडते.

चौथी जागा प्रश्न आणि नकाराची. मराठीत ‘तुला आंबे आवडतात’ या वाक्याच्या शेवटी ‘का’ लावले की प्रश्न तयार. इंग्रजीत ‘डू’ सुरुवातीला आणावे लागते: ‘डू यू लाइक मँगोज?’ भूतकाळात ‘डिड’ आले की भूतकाळाची खूण त्यानेच उचललेली असते, म्हणून मुख्य क्रियापद मूळ रूपात राहते. ‘डिड यू गो?’ बरोबर, ‘डिड यू वेन्ट?’ चूक. ‘डज’ आणि ‘एस’ यांचेही तसेच: ‘शी प्लेज’, पण ‘डज शी प्ले?’ खूण एकदाच लागते हे तत्त्व दोन्हीकडे लागू आहे, आणि ते पट्ट्यांवर ‘एस’ अक्षर क्रियापदापासून कापून ‘डू’ला जोडून दाखवता येते.

पाचवी जागा कर्त्याची. ‘मला भूक लागली’, ‘मला आंबा आवडतो’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे सायकल आहे’ अशा वाक्यांत मराठी भाषा माणसाला ‘मला’ किंवा ‘माझ्याकडे’ या रूपात ठेवते. इंग्रजी त्याला थेट कर्ता करते. ‘आय ॲम हंग्री’, ‘आय लाइक मँगोज’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’. या वाक्यांचे शब्दशः भाषांतर होत नाही, म्हणून ती गटाने शिकवावीत. इथेच आणखी एक सवय टाळता येते. ‘मला समजत नाहीये’ याच्या वळणाने ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ आणि ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ तयार होतात. आवडणे, समजणे, माहीत असणे, जवळ असणे या क्रियांना सहसा ‘आय-एन-जी’ लावत नाहीत, एवढे दहाव्या वर्षापर्यंत सांगून ठेवावे.

आठ ते अकरा: नावे आणि नियम

मूल साधी इंग्रजी वाक्ये बोलू आणि वाचू लागले की व्याकरणाची परिभाषा उपयोगी पडते. तोवर त्याच्याकडे उदाहरणांचा साठा असतो आणि नियम त्या साठ्याला शिस्त लावतो. या टप्प्यावर मॉन्टेसरी शाळांतली चिन्हांची पद्धत घरी सहज वापरता येते. मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धाच्या वर्षांत इथेच राहून त्यांनी शिक्षकांना प्रशिक्षण दिले. त्यांच्या परंपरेत प्रत्येक शब्दजातीला रंग आणि आकार आहे. नामाला मोठा काळा त्रिकोण, विशेषणाला त्याहून लहान गडद निळा, ‘अ’ आणि ‘द’ यांना सर्वांत लहान फिकट निळा त्रिकोण. क्रियापदाला मोठे लाल वर्तुळ, क्रियाविशेषणाला लहान नारिंगी वर्तुळ. सर्वनामाला जांभळा त्रिकोण, शब्दयोगी अव्ययाला हिरवी चंद्रकोर, उभयान्वयी अव्ययाला गुलाबी पट्टी.

या निवडीमागे विचार आहे. त्रिकोण स्थिर असतो, वर्तुळ गतिमान. वस्तूचे नाव स्थिर आणि क्रिया हलती. विशेषण आणि ‘अ’, ‘द’ नामासोबत राहतात म्हणून त्यांचाही आकार त्रिकोणच. जिलेटीन कागदाचे किंवा पुठ्ठ्याचे आकार कापून मूल ते वाक्यातल्या शब्दांच्या डोक्यावर ठेवते. व्याख्या पाठ न करताही त्याला दिसू लागते की इंग्रजी वाक्यात लाल वर्तुळ मधोमध येते आणि मराठी वाक्यात शेवटी. एकच अर्थ असलेली दोन वाक्ये एकाखाली एक लिहून दोन्हींवर चिन्हे ठेवली, तर दोन भाषांच्या रचनांतला भेद एका नजरेत कळतो.

शब्दजाती शब्दाला कायमची चिकटलेली नसते, हेही याच वेळी सांगावे. ‘वॉटर’ हे ‘आय ड्रिंक वॉटर’मध्ये नाम आहे आणि ‘आय वॉटर द प्लँट्स’मध्ये क्रियापद. म्हणून जात ठरते ती शब्द वाक्यात काय काम करतो त्यावरून. सुट्या शब्दांच्या याद्या देऊन जाती ओळखायला लावणे यामुळेच फसवे ठरते.

काळ शिकवताना बारा प्रकारांचा तक्ता प्राथमिक वयात आणू नये. चार रूपे पुरतात: रोज घडणारे, आत्ता चाललेले, होऊन गेलेले आणि पुढे होणारे. भिंतीवर एक आडवी दोरी बांधून तिच्यावर काल, आज, उद्या अशा चिठ्ठ्या लावाव्यात आणि मुलाने स्वतःच्या दिवसाची वाक्ये योग्य जागी टांगावीत. नियमित भूतकाळाचे तीन उच्चार याच वेळी कानावर घालावेत: ‘वॉक्ट’, ‘प्लेड’, ‘वॉन्टेड’. ‘ई-डी’ लिहायची राहून जाते त्याचे एक कारण पहिल्या दोन रूपांत ती जेमतेम ऐकू येते हे असते.

लेखनाचे नियमही या टप्प्यावर येतात. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेद नाही, म्हणून मराठी मुलाला कॅपिटल अक्षरे हे पूर्ण नवे प्रकरण असते. वाक्याचे पहिले अक्षर, माणसांची आणि गावांची नावे, वार, महिने आणि ‘आय’ हा शब्द एवढ्या जागा आधी पक्क्या कराव्यात. मालकी दाखवणारे अपॉस्ट्रफीचे चिन्ह त्यानंतर: ‘मीनाज बुक’ मध्ये ते लागते, ‘टू बुक्स’ मध्ये नाही.

वाक्ये जोडणे

व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारते का, यावर बराच अभ्यास झाला आहे. इंग्लंडमध्ये २००४ मध्ये झालेल्या एका व्यापक आढाव्यात असे दिसले की वाक्यरचनेचे औपचारिक नियम शिकवल्याने पाच ते सोळा वर्षांच्या मुलांचे लेखन सुधारल्याचा ठोस पुरावा नाही. पण छोटी वाक्ये जोडून मोठे वाक्य करण्याच्या सरावाचा उपयोग होतो. घरी हा सराव अगदी सोपा आहे. ‘द डॉग इज स्मॉल. द डॉग बार्क्ड.’ ही दोन वाक्ये देऊन मुलाला एक करायला सांगावे: ‘द स्मॉल डॉग बार्क्ड.’ मग तिसरे वाक्य द्यावे, ‘इट वॉज हंग्री’, आणि ‘बिकॉज’ने जोडायला लावावे. ‘अँड’, ‘बट’, ‘सो’, ‘बिकॉज’, ‘व्हेन’ या पाच शब्दांनी प्राथमिक वयाचे जवळजवळ सगळे लेखन उभे राहते. पहिले चार मराठीतल्या ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’, ‘कारण’ यांच्यासारखेच वागतात, त्यामुळे त्यांची ओळख लवकर पटते. एकाच जोडीची दोन-तीन वेगळी उत्तरे बरोबर असू शकतात. ती सगळी लिहून त्यांतले कोणते वाचायला चांगले वाटते यावर मुलाशी बोलावे.

चुका कशा सुधाराव्यात

रॉय लिस्टर आणि लायला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या प्राथमिक वर्गांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. तिथे इंग्रजी भाषक मुले फ्रेंचमधून शिकत होती. मुलाचे चुकीचे वाक्य दुरुस्त करून स्वतःच म्हणणे हा शिक्षकांचा सर्वांत जास्त वापरातला मार्ग होता, पण मुलांकडून स्वतःची दुरुस्ती त्याने सर्वांत कमी होत होती. ‘पुन्हा सांग पाहू’ अशी सूचना किंवा इशारा दिला, की मुले चूक स्वतः सुधारत.

घरी दोन्ही मार्ग हवेत, पण वेगवेगळ्या जागी. जे रूप मुलाला अजून यायचेच आहे, तिथे बरोबर वाक्य सहज ऐकवावे. मूल ‘आय ईटेड इडली’ म्हणाले तर ‘ओह, यू एट इडली! हाउ मेनी?’ असे उत्तर द्यावे. जे रूप त्याला येते पण घाईत निसटले, तिथे थांबून इशारा द्यावा: ‘यस्टरडे आय गो?’ असे प्रश्नार्थक म्हणताच ते ‘वेन्ट’ म्हणते. गोष्ट सांगताना मधे अडवू नये. दुरुस्ती गोष्ट संपल्यावर. लिखाणात एका वेळी एकाच प्रकारची चूक पाहावी. आज कॅपिटल, पुढच्या आठवड्यात ‘एस’. पानभर लाल खुणा दिसल्या की मूल लिहिणेच कमी करते, आणि लिहिणे कमी झाले की शिकणे थांबते.

पुस्तके आणि वेळ

मराठी घरांत व्याकरणाची दोन जुनी पुस्तके अजूनही सापडतात. ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ मराठी वाक्यांवरून इंग्रजी वाक्ये बनवण्याचा क्रमवार सराव देते. रेन आणि मार्टिन यांचे इंग्रजी व्याकरण ब्रिटिश काळात माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले आहे. दोन्ही पुस्तके आपल्या जागी मोलाची आहेत. ती जागा प्राथमिक शाळेनंतरची. पालकांनी स्वतःची उजळणी करायला ती जरूर वापरावीत. मुलाच्या हाती मात्र चित्रांची आणि गोष्टींची पुस्तके हवीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर अनेक गोष्टी मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत मोफत मिळतात. तीच गोष्ट आधी मराठीत आणि मग इंग्रजीत वाचली, तर अर्थ ठाऊक असल्याने मुलाचे लक्ष रचनेकडे जाते.

ज्या पालकांना स्वतःच्या इंग्रजीची खात्री नाही, त्यांनाही हे काम करता येते. छापील वाक्य मोठ्याने वाचणे, ध्वनिफीत लावून मुलासोबत ऐकणे, मराठी आणि इंग्रजी वाक्य शेजारी ठेवून ‘इथे काय वेगळे आहे?’ असे विचारणे यासाठी अस्खलित बोलावे लागत नाही. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेशी आहेत: थोडे वाचन, थोडा खेळ, आणि आठ वर्षांनंतर दोन-तीन वाक्यांचे लेखन. एका आठवड्यात एकच नवी रचना घ्यावी आणि तीच खेळात, गोष्टीत, लेखनात पुन्हा भेटेल असे पाहावे. महिन्याभराने ती न सांगता वापरली जाते का, ते ऐकावे. तीच खरी परीक्षा.

पाचवीच्या अखेरीस काय यावे

पाचवी पूर्ण करणाऱ्या मुलाला पूर्ण वाक्य म्हणजे काय हे कळावे, आणि साधे विधान, प्रश्न व नकार ही तिन्ही रूपे त्याला करता यावीत. चार मुख्य काळरूपे, रोजच्या वापरातली वीस-पंचवीस अनियमित क्रियापदे, अनेकवचन, मालकीचे रूप, ‘ही’ आणि ‘शी’ यांचा बिनचूक वापर, स्थळ आणि काळाची नेहमीची अव्यये ही त्याची पुंजी असावी. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, अव्यये यांची नावे दोन्ही भाषांत माहीत असावीत आणि गोष्टीतल्या एखाद्या वाक्यात ती ओळखता यावीत. ‘अ’ आणि ‘द’ यांत, तसेच ‘ही गोज’च्या ‘एस’मध्ये अधूनमधून चुका राहतील, त्या वयाला त्या स्वाभाविक आहेत. कर्मणी प्रयोग, अप्रत्यक्ष कथन, काळांचा संपूर्ण तक्ता आणि वाक्यपृथक्करण हे विषय सहावीपासून पुढे येतात. तोवर ज्या मुलाने इंग्रजी वाक्ये भरपूर ऐकली, बोलली आणि वाचली आहेत, त्याला हे विषय अवघड जात नाहीत, कारण प्रत्येक नियमाला लागणारी उदाहरणे त्याच्याजवळ आधीच जमा असतात.